रेवानं पाहिलं ते

५ जानेवारी, सोमवार

रेवाचे आजचे प्रश्न: पाल शेपटी सोडते तेव्हा तिला दुखतं का. मेल्यावर चष्म्याचा नंबर तोच राहतो का. मुंग्यांना आडनाव असतं का. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून येते आणि घरी आल्यावर ही आठ वर्षांची बया माझी उलटतपासणी घेते.

शाळेत हिची काचेची बांगडी फुटली. घरात शिरताच ओरडली, "आजी, बांगडी फुटली!" झालं. सासूबाई (यापुढे सा.बा., पूर्ण लिहायला हात नाही माझा रिकामा) तिला धरून बसल्या. फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. दिवा विझला नाही, वाढवला. बायकांच्या अंगावरचं काही तुटलंफुटलं की वाढलं म्हणायचं, शुभ असतं. रेवा विचारात पडली. मग म्हणाली, "बरोबर आहे. एकाचे तीन तुकडे झाले, म्हणजे वाढलीच की." सा.बा. खूश. नातीला वळण लागतंय म्हणे. मला हसू आवरेना.

अ. (म्हणजे आमचे हे) चाकणच्या कंपनीतून नऊला आला. जेवला, झोपला. संवाद शून्य.

९ जाने.

शाळेतून आल्यावर रेवा वरच्या मजल्यावर प्रणिताकडे जाते. सा.बा. दुपारी आडव्या होतात, मी दुकानात, म्हणून ही सोय. प्रणिता अमरावतीची, लग्न होऊन धायरीत आली त्याला दीड वर्ष होईल. एकटीच असते दिवसभर. रेवाला ती फार आवडते, कारण ती प्रश्नांना कंटाळत नाही.

आज रेवा म्हणाली, "प्रणितामावशीचं मंगळसूत्र वाढलं." एवढंच. मी कुकर लावत होते. पोत तुटते माणसाची, त्यात काय. संध्याकाळी लिफ्टमध्ये दोघं नवरा-बायको भेटले तर मी आपलं तोंड उघडलं. म्हटलं, "मंगळसूत्र वाढलं ना गं तुझं? रेवा म्हणाली. मंडईजवळ एक पटवेकरी बसतो, छान गाठवून देतो." प्रणितानं ओढणी वर घेतली. तो, सौरभ, हसून म्हणाला, "रेवा म्हणाली का? वा. आपल्या मुलीचं लक्ष फार असतं वहिनी."

किती गोड बोलतो हा मुलगा. बँकेत आहे, अहो-आपणशिवाय बोलत नाही. नाहीतर आमचे हे. "ए, मोजे कुठेत?"

१४ जाने. संक्रांत

सौरभ सगळ्या मजल्यांवर तिळगूळ वाटत फिरला. सा.बा.च्या पाया पडला. सा.बा. विरघळल्या. रेवाला म्हणाला, "काय रेवाताई, हल्ली येत नाही आमच्याकडे?"

रेवा म्हणाली, "तुम्ही नसताना येते."

हसलो आम्ही. काय करणार. ही पोरगी खोटं बोलत नाही, अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. मागे सेक्रेटरींना भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "काका, लिफ्टमध्ये शू तुमच्याच कुत्र्यानं केली. मी पाहिलंय." दोन महिने त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तो गेल्यावर रेवाला म्हटलं, मोठ्यांशी असं बोलतात का? ती म्हणाली, "मग कसं बोलायचं? खोटं?"

१८ जाने. रविवार

आपलं हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलच्या चहाच्या गाळण्या. कंजूष म्हणाल्या असतील, म्हणू देत.

प्रणिता सगळ्यांत शेवटी आली. पदर उजव्या खांद्यावरून ओढून घेतलेला, तो हात आत. वाण डाव्या हातानं घेतलं. सा.बा.ना ते खटकलंच. ती गेल्यावर बायकांसमोर म्हणाल्या, "तिकडे चालत असेल डावा हात." कोपऱ्यात तिळाच्या वड्या खात बसलेली रेवा म्हणाली, "आजी, तिचा उजवा हात वाढलाय."

सगळ्या खो खो हसल्या. मीही. सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "बाई गं, एकच हात? दुसरा लहान राहिला?"

बायका गेल्या. कपबशा विसळत होते. नळ चालूच राहिला आणि माझा हात थांबला.

रेवाला आत घेतलं. विचारलं, हात वाढलाय म्हणजे काय?

ती म्हणाली, "तेच. आजी म्हणते ना, बायकांच्या अंगावरचं. हात पण अंगावरच असतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पाहिलं."

मग तिनं सांगितलं. ती चित्र दाखवायला वर गेली होती. आतून आवाज आला म्हणून बेल वाजवली नाही. लाकडी दार पूर्ण लागलं नव्हतं, बाहेरच्या जाळीच्या दाराला नाक लावून बघत राहिली. काकांनी मावशीचा हात आतल्या खोलीच्या दारात धरला आणि दार लावलं. मावशी ओरडली नाही. "का ओरडली नाही गं आई? मी तर ओरडले असते." आणि मग, "काका तेव्हाही 'अहो' म्हणत होते तिला."

मी विचारलं, कधीचं हे? म्हणाली, तू लिफ्टमध्ये बोललीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पुढे लिहवत नाही.

१९ जाने.

अ.ला सांगितलं. तो: "लोकांच्या घरातलं आहे. आणि आठ वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावर?" मी: तुझी पोरगी आहे, ती खोटं बोलते का? तो: "बोलत नाही. पण चुकीचं बघू शकते." म्हटलं, डोळे मी तपासलेत तिचे, दोन्ही चांगले आहेत. त्यावर पेपर उघडून बसला. पेपर वाचायला काय लागतं, डोंबल.

सा.बा.नी ऐकलं सगळं. आज जेवल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या.

२१ जाने. बुधवार

दुकानातून दुपारी निघाले, डोकं दुखतंय सांगून. रेवाला टीव्ही लावून दिला आणि वर गेले. प्रणितानं दार उघडलं, साखळी न काढता. "बाथरूममध्ये पडली मी, ताई."

म्हटलं, मी काही विचारलंच नाहीये अजून.

मग साखळी काढली. मनगट सुजून निळं, वर नुसतं क्रेप बँडेज. डॉक्टरकडे नेत नाही तो, "आपोआप बरं होईल" म्हणतो. मी सांगितलं, रेवानं पाहिलंय. ती खालीच बसली. "लेकरानं पाहिलं? काहून आली ती त्या वेळी, बाप्पा." स्वतःच्या हातासाठी रडली नाही, त्यासाठी रडली. मला माझाच इतका संताप आला. लिफ्टमध्ये मी दात काढून पटवेकऱ्याचा पत्ता देत होते! तिच्या गळ्यातलं त्यानं ओढून तोडलं होतं, आणि ही गोष्ट खाली पोचली म्हणून दुसऱ्या दिवशी हात.

तिला म्हटलं ते. ती म्हणाली, "तुम्ही नसतं म्हटलं तरी दुसरं कारण निघालंच असतं. त्याला कारण लागत नाही न."

ती जाणार आहे. विश्रांतवाडीत कॉलेजची मैत्रीण आहे, तिच्याकडे. मैत्रिणीचा नंबर मला दिला. माहेरी नाही जायचं, कारण तो आधी तिथंच जाईल आणि आई-बाबा तिथं दोघंच असतात. म्हणाली, "कुणालाच सांगू नका ताई. दादांनाही नाही." म्हणजे अ.लाही नाही.

दार उघडून बाहेर पडले तर जिन्याच्या पायरीवर रेवा. टीव्ही खाली आपला चालू.

"विश्रांतवाडी म्हणजे विश्रांती घेतात तिथं का?" म्हणाली.

कर्म माझं.

२३ जाने. शुक्रवार

प्रणिता गेली. सौरभ बँकेत असताना, एक पिशवी घेऊन, भाजीला निघाल्यासारखी. मला मैत्रिणीच्या फोनवरून मिस्ड कॉल आला तेव्हा कळलं की पोचली.

संध्याकाळी आमची बेल. "वहिनी, त्रास देतोय. प्रणिता आपल्याकडे आली होती का?"

नाही म्हटलं. आवाज नीट निघाला.

"फोन बंद आहे. माहेरी म्हणतात, आली नाही. काळजी वाटते हो. भोळी आहे ती." मग माझ्या खांद्यावरून आत बघत, "रेवाताई आहे का? तिला विचारू दे. मुलं खोटं बोलत नाहीत."

म्हटलं, झोपलीये. संध्याकाळचे सात वाजलेले, स्वयंपाकघरातून तिचा पाढे म्हणायचा आवाज येतोय, आणि मी म्हणते झोपलीये! तो ऐकत उभा राहिला. तेरा चोक बावन्न. हसला. "झोपू दे," म्हणाला. "उद्या विचारीन."

रात्री अ.ला सगळं सांगितलं, विश्रांतवाडी सोडून. या वेळी तो उठून दाराची वरची कडी लावून आला. ही कडी आम्ही कधी लावत नाही.

२४ जाने.

रेवाला शिकवायला बसले. काय शिकवायला, तर खोटं. वर्षानुवर्षं हिच्या डोक्यावर बसून सांगितलं, काहीही कर पण खोटं बोलू नकोस, मार मिळणार नाही पण खोटं नको. आणि आता मीच.

"काकांनी विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही."

"पण मला माहीत आहे."

"तरी."

"म्हणजे खोटं."

"हो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग तिचे प्रश्न. काका वाईट आहेत हे सगळ्यांना माहीत आहे का? नाही. मग आपण सांगू या ना. आत्ता नको. का? कारण मावशी आधी नीट लपायला हवी. मोठी माणसं लपतात? हो. तुला पण भीती वाटते काकांची?

हो म्हटलं. उगाच शूर कशाला व्हायचं.

मग तिची तालीम घेतली. मी सौरभ, ती ती. पहिल्यांदा "माहीत नाही" म्हणताना हसली. दुसऱ्यांदा मान खाली. तिसऱ्यांदा डोळ्यांत बघून, छान, स्वच्छ. शाबास म्हणाले मी. खरंच म्हणाले.

२५ जाने.

आज बाहेर पाठवलंच नाही तिला. ताप आलाय सांगितलं. तो दोनदा येऊन गेला, सा.बा.नी दार अर्धंच उघडलं. एकदा तर म्हणाल्या, "अहो, आजारी मुलीला काय विचारताय सारखं? बायको तुमची हरवलीये, तिची नाही." जन्मात पहिल्यांदा मला सा.बा.ना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही.

२६ जाने. सोमवार

सोसायटीच्या झेंडावंदनाला न्यायचं नव्हतं. पण शाळेच्या गणवेशात तयार होऊन बसली, आणि न जाणं जास्त डोळ्यावर आलं असतं. अ.नं तिचा हात धरला होता.

झेंडा झाला, जिलेबी वाटायला लागले. सौरभ दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. सगळे त्याच्याभोवती, अरेरे, अरेरे. आणि मग सगळ्यांच्या समोर तो रेवाच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. हातात जिलेबीचा द्रोण. "रेवाताई, तू कधी खोटं बोलत नाहीस. प्रणितामावशी तुला काही सांगून गेली का गं?"

सेक्रेटरी म्हणाले, "ही नाही बोलायची खोटं. अनुभव आहे." सगळे हसले.

मी मनात म्हणतेय, माहीत नाही म्हण, माहीत नाही म्हण.

रेवा म्हणाली, "हो. अमरावतीला गेली. आईकडे. म्हणाली, वरचा बर्थ मिळालाय, मला भीती वाटते वरून पडायची. मग मी सांगितलं, पडत नाही कुणी, साखळी असते बाजूला."

आणि द्रोणातली जिलेबी उचलून खाल्ली.

मी शिकवलं नव्हतं हे. बर्थ, साखळी, भीती, काहीच नाही. शपथ घेऊन सांगते, क्षणभर मला स्वतःलाच वाटलं की प्रणिता अमरावतीला गेली असेल.

सौरभचा चेहरा मोकळा झाला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला त्यानं. अर्ध्या तासात गाडी काढून निघाला.

घरी आल्यावर रेवा म्हणाली, "माहीत नाही म्हटलं असतं तर रोज विचारलं असतं. आता नाही विचारणार." बरोबर होतं तिचं. तेच वाईट.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अमरावतीत प्रणिताचे म्हातारे आई-बाबा आहेत. दोघंच.

तोच दिवस, नंतर

मैत्रिणीच्या नंबरवर फोन. प्रणितानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रेवाला रागावू नका." तिनं चुलतभावाला फोन करून आई-बाबांना त्याच्याकडे हलवायला सांगितलं. पण बाबा हट्टी, घर सोडायला तयार नाहीत. तो पोचेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. रेवाला कळू दिलं नाही. तरी विचारलंच तिनं, "काका तिथं जाऊन कुणाला मारतील का?"

तिच्या हे आत्ता लक्षात आलं. रात्रभर माझा हात सोडला नाही पोरीनं.

२७ जाने.

अमरावतीत सौरभनं गेटवर आरडाओरडा केला, शेजारचे जमले, निघून गेला. बाबांना धक्काबुक्की नाही. देवा.

२८ जाने. बुधवार

पार्किंगमध्ये गाठलं त्यानं. स्कूटी लावत होते. आवाज तसाच, लोण्यासारखा. "वहिनी, मुलीला खोटं बोलायला आपण शिकवलंत? मला आश्चर्य वाटलं. चांगलं घर आहे आपलं."

काय झालं मला कळलं नाही. इतक्या दिवसांचं सगळं वर आलं. "हो, मी शिकवलं," म्हटलं. मोठ्यानं. वॉचमन वळून बघायला लागला, सेक्रेटरी कुत्रा घेऊन उभे. "तुम्ही बायकोचा हात दारात घालून मोडलात, म्हणून शिकवलं."

तो हसला नाही. हळूच विचारलं, "कुणी पाहिलं?"

माझी मान वर गेली. मूर्ख मान. आमच्या गॅलरीत रेवा उभी होती. त्यानंही वर पाहिलं. मग मला म्हणाला, "अच्छा," आणि लिफ्टकडे गेला.

२९ जाने.

अ.नं आठवडाभर रजा टाकली. मी सांगितलं नव्हतं. शाळेत तो सोडतो, तोच आणतो. सा.बा. दारासमोर खुर्ची टाकून बसतात, मांडीवर पोळपाट-लाटणं. पोळ्या तिथंच लाटतात का काय.

सेक्रेटरीणबाई: "लहान मुलीला कशाला ओढता यात? आणि त्या दिवशी तर ती अमरावती म्हणाली. कुठलं धरायचं आम्ही?" मी लिफ्टचं बटण दाबत राहिले.

सा.बा. आज म्हणाल्या, "मी तिला ते शब्द शिकवले नसते, तर तू पहिल्याच दिवशी कान टवकारले असतेस." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. खरं म्हणजे मलाही तसंच वाटतं. पण त्यांचा चेहरा बघवेना.

३१ जाने. शनिवार

प्रणितानं तक्रार दिली. हाताला प्लास्टर झालं, एक्सरेत हाड मोडलेलं स्पष्ट दिसतंय. तो म्हणतो, बाथरूममध्ये पडली, तिनंच मला तसं सांगितलं, सगळ्या सोसायटीला तसंच सांगितलंय. आणि तिनं सांगितलं होतंच.

पाहणारं माणूस एकच, रेवा. उद्या सकाळी एक महिला पोलीस घरी येणार आहेत, साध्या कपड्यांत. फोनवर चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "मुलीला घाबरवू नका, काही पढवूही नका. पढवलेलं लगेच कळतं आम्हाला. आणि एक सांगून ठेवते ताई, त्याच्या बाजूनं तुमच्या सोसायटीतली माणसं सांगायला येणार, की ही मुलगी सगळ्यांसमोर खोटं बोलली होती."

संध्याकाळी रेवाला जवळ घेतलं. सांगितलं, उद्या एक मावशी येतील, त्यांना तू जे पाहिलंस ते सांगायचं.

"खरं?"

"हो. सगळं खरं."

पेन्सिल चावत राहिली. मग म्हणाली, "मी एकदाच पाहिलं. दार लावताना. एकदाच पाहिलेलं त्यांना पटेल का? तीनदा पाहिलं म्हणू का? मी नीट सांगेन. एकदा दार, एकदा पट्टा, एकदा केस धरून. रंग पण सांगेन पट्ट्याचा."

शांतपणे विचारत होती. उद्या डब्यात काय देशील, अशा आवाजात. माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत.

लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं मला. लगेच.